वादळाचं नाव पडेपर्यंत थांबू नका
मे-जून : कोकण किनाऱ्यावरच्या बागायतदारांसाठी

1 जून 2020 ला सकाळी अरबी समुद्रात डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीचं, कमी दाबाचं वादळी क्षेत्र) तयार झालं. 2 तारखेला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ‘निसर्ग’ हे नाव पडलं. 3 तारखेला दुपारी ते श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूने जमिनीवर आलंही. नाव ऐकून जे कामाला लागले त्यांना जेमतेम एक दिवस मिळाला. त्या दिवशी सगळेच पाडेली (झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारे) शोधत होते. पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून दर वर्षी हेच सांगतो.

वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरला पोचल्याशिवाय नाव मिळत नाही. त्याच्या आधी डिप्रेशन (31 ते 49) आणि तीव्र डिप्रेशन (50 ते 61) असे टप्पे असतात. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘डिप्रेशन’ हा शब्द दिसला आणि रोख आपल्या बाजूला असला, की त्याच दिवशी कामाला लागा.

वादळ कुठे जाणार हे आता बऱ्यापैकी आधी कळतं, कारण त्याला ढकलणारे वारे मोठे असतात आणि ते मोजता येतात. ते किती जोर धरणार हे सांगणं अजून अवघड आहे. समुद्राचं पाणी साधारण 50 मीटर खोलीपर्यंत 26.5 अंशांहून गरम असेल, हवेत दमटपणा असेल आणि वरच्या-खालच्या वाऱ्यांत फार फरक नसेल, तर वादळाला खाद्य मिळत राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर आपला समुद्र चांगलाच तापलेला असतो. एका दिवसात वेग ताशी 55 किलोमीटरने वाढल्याचीही उदाहरणं आहेत. वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. ताशी 60 च्या वाऱ्यात टिकलेला माड 120 लाही टिकेल, असं धरून चालू नका.

नकाशावरची रेघ गुजरातकडे गेली म्हणून निवांत बसणारेही खूप. ‘तौक्ते’ 17 मे 2021 च्या रात्री गुजरातला धडकलं, पण त्याआधीच रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडावरचा आंबा जमिनीवर आला होता. रेघ फक्त वादळाच्या मध्याची असते, वारा आणि पाऊस दूरवर पोचतात. शिवाय उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो, आणि आपला किनारा नेमका त्या हाताला येतो.

माझा एक आडाखा आहे. वारा पडलेला असताना लांबलांब अंतराने जड लाटा फुटू लागल्या, की मी बुलेटिनचीही वाट पाहत नाही, चर उघडायला घेतो. काही वेळा वादळ आलं नाही. उघडलेले चर पुढच्या पावसाला कामी आलेच.

डिप्रेशनच्या दिवशी:
- चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार आंबा उतरवणे
- माडाचे तयार नारळ, सुक्या झावळ्या काढणे
- चर, पाट मोकळे करणे. पाणी देणं बंद
- केळीला टेकू, नव्या कलमांना काठीचा आधार
- खत, फवारणी थांबवणे
- मांगराचे (बागेतल्या खोपटाचे) पत्रे बांधणे; गुरं झाडाखालून हलवणे

यातला चर कधीही मागे ठेवू नका. पाण्याने माती सैल झाली की मूळ धरत नाही, मग मध्यम वाऱ्यातही झाड उन्मळतं.

वादळाआधी ‘झाड मजबूत करणारं’ टॉनिक विकायला कुणी आलं तर घेऊ नका. दोन दिवसांत कुठलीही बाटली मूळ खोल नेत नाही, आणि पावसाआधीची फवारणी धुऊन जाते. ते पैसे मजुरीला ठेवा.

वारा एकदम थांबून आभाळ उघडलं, तर ते वादळाचं केंद्र असू शकतं. बाहेर पडू नका, थोड्या वेळाने उलट्या दिशेचा वारा येतो.

वादळ गेल्यावर आधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतील. मोडलेल्या फांद्या करवतीने सपाट कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. फवारणीसाठी तेवढ्याच मोरचुदाला आणि चुन्याला पाणी 100 लिटर. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

कललेली तरुण कलमं दोन-तीन दिवसांत, माती ओली असतानाच उभी करा. आधी फांद्यांचा भार हलका करा, तुटकी मुळं साफ कापा, मग हळू ओढा. बुंध्याला भर देऊन तिन्ही बाजूंनी दोरीने ताणून बांधा. दोरीखाली गोणपाट ठेवा, नाहीतर साल कापली जाते.