उपकारस्तुतीआधीचा हिशेब: बडोद्यातल्या ख्रिस्ती घरासाठी वर्षअखेरीची बैठक

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये पाळकांनी ‘साक्ष द्यायला (देवानं वर्षात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला) कोणी पुढे येईल का’ असं विचारलं की बहुतेक घरांकडून एकच वाक्य येतं: देवानं वर्षभर सांभाळलं. वाक्य खरंच असतं, पण घर बदललं, आजोबा गेले, मुलगी कॅनडाला गेली, यातलं काही त्यात येत नाही. बदलांनी भरलेलं वर्ष आधी घरात मांडावं लागतं. त्याला दोन दुपारी पुरतात, एक कागद गोळा करायला आणि एक बोलायला. पहिली दुपार टाळली की दुसरी फुकट जाते, कारण माणसाला लग्न आणि मयत तेवढी आठवतात, मधले महिने पुसले जातात.

मेथडिस्ट मंडळ्यांत या कामाला जुना आधार आहे. या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये करार-उपासना, म्हणजे देवाशी केलेला करार नव्यानं बांधण्याची उपासना, घेतली आणि पुढे ती नव्या वर्षाच्या तोंडावर करायची रीत पडली. कॅथलिक परंपरेत ३१ डिसेंबरला ‘ते देउम’ हे स्तुतिगीत म्हणतात. तुम्ही फतेहगंजच्या मेथडिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) जात असा की रोझरी या कॅथलिक चर्चमध्ये, घरातली बैठक या उपासनेच्या आधी उरकलेली बरी.

कागदांची दुपार आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या आठवड्यात ठेवा. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यानंतर कॅरलच्या फेऱ्या, करंज्या, रंगकाम यांत कोणी हाती लागत नाही. बोलण्याची दुपार २६ ते ३० डिसेंबरमधली, म्हणजे नाताळला आलेले पाहुणे निघाल्यावरची.

एक फुल कार्डशीट आणा, २२ × २८ इंचांचा. आडवा धरून ४ × ३ चौकोन आखले की प्रत्येक महिन्याला साधारण ७ इंचांची जागा मिळते. आधी पेन्सिलनंच भरा, कारण निम्म्या तारखा नंतर सरकतात. भिंतीवरच्या कालनिर्णयपासून सुरुवात करा. दूध बंद, गॅस आला, डॉक्टर ४ वाजता, अशा बारीक नोंदींतच वर्ष सापडतं. दूध आठ दिवस बंद होतं म्हणजे घर कुठेतरी गेलं होतं किंवा दवाखान्यात होतं. मग बँकेचं पासबुक, शाळेचं प्रगतिपत्रक, चर्चचं पत्रक, दशांशाच्या (चर्चला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या) पावत्या. औषधांची आणि एटीएमची चकचकीत पावती काही महिन्यांत पांढरी पडते. ठेवायची असेल तर लगेच झेरॉक्स काढा.

फोनमधल्या फोटोंवर आंधळा विश्वास नको. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो कधी काढला ही माहिती उरत नाही. ॲन्ड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे दिसतात, पण ती फोटो पोचल्याची तारीख. मामांनी जूनमध्ये पाठवलेला बाप्तिस्म्याचा फोटो मेमधला असू शकतो. ज्यानं काढला त्याच्या फोनवर तारीख पाहा.

बोलायला दीड तास धरा, त्याहून जास्त ताणलं की मुलं उठतात आणि मोठे भांडतात. सुरुवातीला छोटी प्रार्थना आणि बायबलमधलं एक स्तोत्र. सहसा १०३ वं वाचतात, ते योग्यच आहे, पण घरात त्या वर्षी मयत झाली असेल तर १३ वं घ्या. सहाच वचनं आहेत, सुरुवात तक्रारीनं होते आणि शेवट गीतानं. दुःखातल्या माणसाला थेट आभार मानायला लावण्यापेक्षा हा रस्ता प्रामाणिक आहे.

‘देवानं यंदा काय शिकवलं?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. संडेस्कूलमध्ये वाढलेल्या प्रत्येकाकडे त्याचं पाठ उत्तर असतं. त्याऐवजी तीन साधे प्रश्न ठेवा: घरात नवं काय आलं, काय किंवा कोण गेलं, आणि काय अर्धवट राहिलं. सगळ्यात लहान मुलानं आधी बोलायचं, आजी-आजोबांनी शेवटी. उलटं केलं की नातवंडं मोठ्यांचंच वाक्य परत म्हणतात. लहान मूल ‘कुत्रा मेला’ म्हणेल. तेही त्या महिन्याच्या चौकोनात लिहायचं.

बडोद्यात एक अडचण हमखास येते. मुलं घरात मराठी बोलतात, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळतात. त्यांना गुजराती लिपीत मराठी लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलात तर पुढच्या वर्षी ती बसणारच नाहीत. आजीचं बोलणं मात्र रेकॉर्ड करा: फोन एरोप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. डिसेंबरात पंखा लागतही नाही.

बैठक बिघडते ती बहुधा दोन कारणांनी. नोकरी गेल्याचा विषय निघाला की कोणीतरी पटकन ‘देवाची इच्छा’ म्हणतं आणि बोलणाऱ्याचं तोंड मिटतं. ते वाक्य त्यानं स्वतः म्हणावं, दुसऱ्यानं नव्हे. दुसरं, चर्चला येणं सोडलेल्या मुलाला प्रार्थनेचा विषय बनवणं. त्याच्यासमोर त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केलीत तर पुढच्या खेपेस त्याची खुर्ची रिकामी असेल. ज्याला बोलायचं नाही त्याच्या महिन्यात फक्त तारीख लिहा.

कार्डशीटवर बदल दिसले की कागदपत्रांची कामंही दिसतात, आणि खरा फायदा इथेच आहे. लग्न होऊन किंवा नोकरीसाठी कोणी पुण्याला गेलं असेल तर मंडळीकडून सभासदत्व बदलीचं पत्र मागा. नाहीतर नाव इथल्या यादीत नुसतं पडून राहतं आणि तिथे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धावपळ होते. कॅथलिक घरांत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि लग्न यांची नोंद मूळ पॅरिशच्या, म्हणजे जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या, बाप्तिस्मा नोंदवहीत जाते. ती गेली का, विचारून घ्या. लग्न ठरत असेल तर बाप्तिस्म्याचा जुना दाखला बहुधा चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला मागतात. नावंही ताडून पाहा. इथल्या शाळांत आडनाव आधी लिहितात, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाळण्यातलं नाव असतं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टच्या आधी हे जुळवायचं.

कायमची नोंद कुटुंबाच्या बायबलमधल्या नोंदीच्या पानावर करा. पान जाड असलं तरी पुढची पानं पातळ असतात आणि जेलची शाई खाली उतरते. खाली कार्डशीटचा तुकडा ठेवून ०.३ मिमीचं पिगमेंट शाईचं पेन वापरा, पाच मिनिटं पान उघडं ठेवा. महिना अक्षरांत लिहा. ४-५ हे अमेरिकेतला भाचा ५ एप्रिल असंच वाचणार.

नातेवाइकांना पत्र पाठवायचं तर एक पान, ३०० शब्द. नगरच्या काकूंना पगारवाढीचा आकडा नको असतो, नवा पत्ता हवा असतो. चर्चमध्ये साक्ष द्यायची असेल तर तीन मिनिटं, म्हणजे बोलताना साधारण ३५० शब्द. सगळा कार्डशीट वाचू नका, दोन बदल निवडा. ज्याच्याबद्दल बोलणार त्याला आधी विचारा, आजाराचं नाव घेण्याआधी तर नक्कीच.

कार्डशीटचा फोटो काढा आणि कार्डशीट गुंडाळून ठेवा. दाखले लॅमिनेट करू नका, पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही. प्लास्टिक फाइलमध्ये घालून वरच्या माळ्यावर ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा पलंगाखालच्या पेट्या आधी बुडाल्या. फोटो भिजलेच तर गठ्ठ्यानं वाळवू नका, चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यातून काढून एकेक सुटा, चित्राची बाजू वर करून, कापडावर सावलीत पसरा. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात.