डिस्ट्रिब्यूटेड लॉक मॅनेजर लिहिताय? या चुका टाळा

डिस्ट्रिब्यूटेड लॉक मॅनेजर म्हणजे अनेक मशीन (नोड) एकच गोष्ट वापरतात तेव्हा कुणाची पाळी ते ठरवणारा प्रोग्रॅम. लॉक द्यायचा कोड कुणीही लिहितो, डेमोही झकास होतो. लॉक धरून बसलेला नोड मधेच गायब झाला तर काय करायचं, तो भाग मात्र ‘पुढच्या स्प्रिंटला’ ढकलला जातो. खरं काम तिथेच आहे.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे लीज, म्हणजे लॉकची ठरलेली मुदत, संपली की लॉक सुटला असं धरून चालणं. मॅनेजरच्या वहीत सुटला, कबूल. पण ज्याने धरलाय त्याला कुठे ठाऊक आहे? एका ठिकाणी निस्तरायला बोलावलं होतं. बिलांची फाइल शेअर्ड स्टोरेजवर एका वेळी एकाच नोडने लिहावी म्हणून लॉक, लीज 30 सेकंदांची. रात्री बॅकअपवाल्यांनी स्नॅपशॉट घेतला आणि नेमका लॉकवाला व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) मिनिटभर गोठला. लीज संपली, दुसऱ्या नोडला लॉक मिळाला, त्याने लिहायला घेतलं. तेवढ्यात पहिला जागा झाला आणि थांबला होता तिथूनच पुढे लिहीत सुटला. सकाळी फाइलमध्ये दोघांच्या ओळींची खिचडी. टीमने काढलेला तोडगा? लीज पाच मिनिटांची केली! एकाने सुचवलं, लिहिण्याआधी लीज शिल्लक आहे का ते बघू. अरे बाबा, बघणं आणि लिहिणं यांच्या मधेच व्हीएम गोठला तर?

मी प्रत्येक लॉकबरोबर चढता नंबर देतो, म्हणजे फेन्सिंग टोकन. स्टोरेजने आधी पाहिलेल्या नंबरहून जुना नंबर घेऊन कुणी आला की त्याला दारातूनच परत पाठवायचं. झूकीपर आणि एट्सीडी या नोडांमध्ये ताळमेळ ठेवणाऱ्या तयार सिस्टिम्समध्ये असे चढते नंबर आयते मिळतात: झूकीपरमध्ये झेडएक्सआयडी, एट्सीडीमध्ये रिव्हिजन. गूगलच्या चबी या लॉक सर्व्हिसवरच्या 2006 च्या पेपरात हीच गोष्ट सीक्वेन्सर नावाने आहे. तपासणी स्टोरेजकडेच हवी, क्लायंटकडे ठेवून काही उपयोग नाही. आणि टेस्ट करताना नुसतं किल -९ मारून, म्हणजे प्रोसेस जागीच संपवून, खूश होऊ नका. मेलेला नोड सोपा असतो. सिगस्टॉप देऊन प्रोसेस गोठवा, लीज उलटून जाऊ द्या, मग सिगकॉन्ट देऊन ती पुन्हा चालू करा आणि बघा काय होतं.

स्टोरेजला टोकन कळत नसेल तर त्या नोडची पॉवरच बाहेरून तोडायची, म्हणजे स्टोनिथ. ‘टेस्ट क्लस्टर आहे, स्टोनिथ बंद ठेवू’ म्हणणाऱ्यांनी नंतर जीएफएस२ (लिनक्सची क्लस्टर फाइलसिस्टिम) हँग झालं म्हणून फोन करू नये. हँग नाही झालेलं. लिनक्सचा डीएलएम (डिस्ट्रिब्यूटेड लॉक मॅनेजर) फेन्सिंग, म्हणजे बिघडलेला नोड बाहेर काढणं, पुरं व्हायची वाट बघतोय, आणि शहाण्यासारखं वागतोय.

दुसरं दुखणं कन्व्हर्जनचं, म्हणजे धरलेल्या लॉकचा मोड बदलण्याचं. व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्लस्टरमध्ये 1980 च्या दशकापासून सहा मोड आहेत: एनएल (नल), सीआर (कॉन्करंट रीड), सीडब्ल्यू (कॉन्करंट राइट), पीआर (प्रोटेक्टेड रीड), पीडब्ल्यू (प्रोटेक्टेड राइट), ईएक्स (एक्सक्लुझिव्ह). नवीन मंडळींना ते म्हाताऱ्यांचे चोचले वाटतात. रीड आणि राइट, दोन पुरेत म्हणे. मग दोन नोड पीआर धरून बसतात, दोघांनाही ईएक्स हवा असतो, आणि दोघे एकमेकांनी सोडण्याची वाट बघत राहतात. टाइमआउट लावून दोघांना हाकललं तर दोघे पुन्हा एकदमच येतात. ज्याला पुढे बदल करायचाच आहे त्याने सुरुवातीलाच पीडब्ल्यू मागावा. दुसरा पीडब्ल्यूवाला रांगेत थांबतो, सीआरवर वाचणारे अडत नाहीत, आणि प्रत्यक्ष लिहिण्यापुरता ईएक्स घ्यायचा. कन्व्हर्जनच्या रांगेपुढे नव्या मागणीला घुसू द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

पीडब्ल्यू किंवा ईएक्स धरलेला नोड मेला की लॉकच्या व्हॅल्यू ब्लॉकवर (लॉकसोबत ठेवलेल्या छोट्या माहितीवर) ‘अवैध’ असा फ्लॅग लावा, आणि क्लायंटने तो खरंच वाचावा.

डेडलॉक, म्हणजे वरच्यासारखं सगळ्यांनी एकमेकांची वाट बघत अडकणं, दर मिलिसेकंदाला शोधत बसू नका. व्हीएमएस मुळात 10 सेकंद अडकलेली मागणी दिसली की मगच शोधायला निघते.

लीज मोजायला वॉल क्लॉक, म्हणजे मशीनचं रोजचं घड्याळ, नको. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) ते मागे सरकवू शकतं.

झूकीपरवर लॉकसाठी थांबलेला प्रत्येक जण झेडनोड (एक नोंद) बनवतो. सगळ्यांनी एकाच झेडनोडवर वॉच, म्हणजे बदल झाला की कळवायची सूचना, लावला की लॉक सुटताच अख्खा जमाव धावतो. आपल्या लगेच आधीच्या झेडनोडवरच वॉच लावा.

दोनच नोडचा क्लस्टर असेल तर तिसरं मत कुठून येणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि रेडिसवर (मेमरीतला डेटाबेस) लॉक सोडताना सरळ डीईएल, म्हणजे की पुसणारी कमांड, मारू नका. तोवर तो दुसऱ्याचा झालेला असू शकतो. आपली व्हॅल्यू जुळली तरच पुसणारी पाच ओळींची ल्युआ स्क्रिप्ट रेडिसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच दिली आहे. कॉपी करायचा तरी आळस नको.