गोव्याचा इतिहास शिकवताना फळ्यावरच्या ‘४५१’पासून सावध

‘गोव्यावर पोर्तुगीजांनी ४५१ वर्षं राज्य केलं’ हे वाक्य फळ्यावर लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. १९६१ उणे १५१० ही वजाबाकी बरोबर आहे, पण ती फक्त तिसवाडी तालुक्याची. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला १७६३ मध्ये आणि पेडणे तर थेट १७८८ मध्ये. म्हणजे फोंड्याचा आकडा १९८ आणि पेडण्याचा १७३. हा फरक गाळला की पुढचं काहीच नीट जुळत नाही. कुठ्ठाळीची मंगेशी १५६० च्या सुमारास खाडी ओलांडून प्रियोळला का नेली? कारण प्रियोळ अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणि अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. ‘सगळा गोवा पोर्तुगीजांचा’ असं शिकलेल्या मुलाला हा प्रश्नच पडत नाही.

उपाय एका तासिकेचा आहे. तालुक्यांच्या कोऱ्या नकाशाची झेरॉक्स द्या आणि दोन रंग वापरायला सांगा. जुन्या काबिजादीसाठी (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखासाठी) एक रंग: तिसवाडी, बार्देश, साष्टी (मुरगाव साष्टीतूनच निघालेला, त्यालाही तोच रंग). बाकीच्या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर मिळवलेला मुलूख, त्याला दुसरा रंग. मग ज्याने त्याने आपल्या तालुक्याचं साल शोधून १९६१ मधून वजा करायचं. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि ती तशीच यायला हवीत.

धर्मांतर आणि इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) धड्यात चूक तपशिलात कमी आणि सर्वनामात जास्त होते. ‘त्यांनी आपली देवळं पाडली’ असं म्हटलं की तिसऱ्या बाकावरचा फर्नांडिस ‘त्यां’च्यात जातो. वाक्याला कर्ता द्या: ‘पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली’, ‘१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं’. आणि हेही सांगाच, की या न्यायालयाचा वरवंटा बाप्तिस्मा घेतलेल्यांवरही फिरला. जुने रीतिरिवाज पाळल्याच्या संशयावरून त्यांच्यावर खटले चालले. हे कळल्यावर वर्गाचे दोन तट पडत नाहीत. उलट टोकाची चूक म्हणजे वाद नको म्हणून धडा घाईत उरकणं. मग मुलं तो विषय मोबाइलवर शिकतात.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर वर्गात हात वर करून मतदान घेऊ नका. घरोघरची जुनी भांडणं वर्गात येतात, शिकणं होत नाही. कौल भाषेचा होता, असंही सांगू नका. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं होती. मुलं ती हमखास उलटी लिहितात. आकडे द्या: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. फरक आणि टक्केवारी मुलांनाच काढू द्या. ३४,०२१ चा फरक समोर आला की ‘सगळ्या गोंयकारांना हेच हवं होतं’ हे दोन्ही बाजूंचं पालुपद आपोआप गळतं.

नागरिकशास्त्रात कोमुनिदाद आणि पंचायत यांची गल्लत ठरलेली. कोमुनिदाद म्हणजे जुनी गांवकरी: जमिनीची मालकी सामाईक आणि सभासदत्व गांवकार घराण्यातल्या वारसाने. पंचायत मतदार निवडतात. काल राहायला आलेल्याचं नाव गावच्या मतदारयादीत असेल तर तोही ग्रामसभेचा सदस्य.

अभिरूप ग्रामसभा घेताना ती बहुधा भाषणांची स्पर्धा होते आणि चार चुणचुणीत मुलंच बोलतात. म्हणून विषय एकच ठेवा, उदाहरणार्थ ओल्या कचऱ्याची शेड कुठे बांधायची. नोटीस आदल्या दिवशी वर्गात लावा. प्रत्येकाला एक मिनिट द्या आणि बोलून झालेल्याने खडू पुढच्याच्या हातात द्यायचा. शेवटची दहा मिनिटं ठराव लिहायला राखून ठेवा: सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती. ‘शेड बांधावी’ एवढाच ठराव आला तर परत पाठवा. कुठे, कोणी आणि कधीपर्यंत, हे त्यात हवं.