जोसेलिन बेलची गोष्ट वर्गात कशी सांगावी

फेब्रुवारी जवळ आला की शाळेत फर्मान निघतं, विज्ञान दिनाला 'महिला शास्त्रज्ञ' या विषयावर काहीतरी करा. मग मारी क्युरी आणि कल्पना चावला कार्डशीटवर चिकटतात, एक मुलगी पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणते, साहेब टाळ्या वाजवतात, झालं. विट्याच्या पुढे एका हायस्कुलात मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मीही हेच करत होते. नंतर मी चित्रं सोडली आणि एकाच बाईची गोष्ट दरवर्षी सांगायला लागले. ती सांगताना चुका झाल्या, सुधारल्या. आता निवृत्त झाल्यावर तरुण शिक्षिका विचारतात, म्हणून लिहून ठेवते.

बाईचं नाव जोसेलिन बेल बर्नेल. जन्म १९४३, उत्तर आयर्लंड. पल्सार नावाचे, ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे पहिल्यांदा तिच्या नजरेला पडले.

पहिली सूचना: नोबेलपासून सुरुवात करू नका. शोध लागला १९६७ साली, आणि १९७४ चं नोबेल मिळालं तिचे गाइड अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना. हिला नाही. पहिल्या वर्षी मी हे अगदी पोटतिडकीने सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढं करून बक्षीस सरांनाच असंल, तर पोलीस भरती काय वाईट?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण पोरीचं गणित बरोबर होतं. गोष्ट मी उलट्या टोकाने धरली होती. नोबेल शेवटी, चार वाक्यांत. सुरुवात कागदाने करायची, कारण तिच्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातून जे ऐकू यायचं ते कागदाच्या लांब पट्टीवर रेघेने उमटायचं.

किराणा दुकानात बिलाच्या मशीनला लागतो तो कागदाचा रोल आणा. त्याच्या चार-चार फुटांच्या आठ पट्ट्या कापा. एक पट्टी म्हणजे एका रात्रीचा एक तास, नऊ ते दहा. म्हणजे एका फुटाला पंधरा मिनिटं. प्रत्येक पट्टीवर बॉलपेनने डावीकडून उजवीकडे नागमोडी, थोडी थरथरती रेघ ओढायची. हे काम दुसऱ्या तुकडीकडून करून घ्या, म्हणजे ज्यांनी शोधायचं त्यांना आधी काही कळणार नाही.

मग तुम्ही स्वतः दोन खुणा घाला. एक खूण प्रत्येक पट्टीवर डाव्या टोकापासून बरोबर एक मीटरवर. ही कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची खरखर, रोज घड्याळाच्या ठरल्या वेळी. दुसरी खूण पहिल्या पट्टीवर ८० सेंटिमीटरवर, दुसरीवर ७२, तिसरीवर ६४, असं करत आठवीवर २४. ही बारीक, दाट, विस्कटलेल्या केसांसारखी, बोटाच्या पेरापेक्षा मोठी नको. बेल तिला 'स्क्रफ' म्हणायची. आमच्या पोरी 'झिपऱ्या' म्हणतात. आणि मधल्या दोन पट्ट्यांवर झिपऱ्या मुद्दाम काढूच नका. तिलाही तो रोज दिसत नव्हता.

पट्ट्या व्हरांड्यात एकाखाली एक मांडायच्या आणि म्हणायचं, काय वेगळं दिसतंय ते लिहा. त्यानंतर गप्प बसायचं. शिक्षकाला हे सगळ्यात अवघड. दहा मिनिटं कुणालाच काही दिसत नाही, आणि जीभ सारखी वळवळते. एका वर्षी सगळ्यात आधी दिसलं ते यंत्रमागवाल्याच्या मुलीला. घरी कापडावर तुटका धागा शोधायची सवय. तिने नुसतं बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, ही सरकतीय."

हेच ते. मोटारीची खूण उभ्या सरळ ओळीत राहते, झिपऱ्या मात्र रोज आठ सेंटिमीटर डावीकडे, म्हणजे रोज जवळपास चार मिनिटं लवकर. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते. म्हणून कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्यात दोन तास. कृत्तिका कधी वर येतात यावरून रात्रीचा अंदाज घेणाऱ्या आज्या आमच्याकडे होत्या, त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. जी खूण घड्याळ सोडून ताऱ्यांची वेळ पाळते ती माणसाची नाही, आकाशाची. बेलने हीच गोष्ट पकडली.

(मोटारीचं उदाहरण जपून वापरा. एका मुलीने मला अडवलं होतं: "बाई, थ्री-फेजची लाइट तर दर आठवड्याला वेळ बदलती, मग मोटार पण ताराच म्हणायची का?" तेव्हापासून मी शाळेची घंटा म्हणते, आणि तास रात्रीऐवजी सकाळचा धरते.)

आता खरे आकडे सांगा, म्हणजे ते अंगावर येतात. तिच्या यंत्रातून रोज ९६ फूट कागद निघायचा. आमच्या व्हरांड्याच्या अडीच लांब्या. तो सगळा ती डोळ्यांनी वाचायची. काही महिन्यांत पाच किलोमीटरच्या आसपास कागद झाला. ऑगस्ट १९६७ मधल्या कागदावर ती खूण होती. २८ नोव्हेंबरला कागद जोरात पळवून ती ताणून बघितली, तेव्हा टिक, टिक, टिक, दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका. इथे मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ४५ वर. मुलींना स्वतःची नाडी मोजायला सांगा. ऐंशीच्या आसपास भरते. आपल्या काळजापेक्षा सावकाश चालणारा तारा म्हटलं की वर्ग शांत होतो.

गाइडचं पहिलं म्हणणं होतं की हा माणसाने केलेला गोंधळ असणार. थट्टेत त्याला 'लिटल ग्रीन मेन', हिरवी माणसं, असंही नाव पडलं. मग २१ डिसेंबरला आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तिला तसाच दुसरा सापडला, आणि हिरव्या माणसांचा विषय मिटला. दोन टोकांचे परग्रहवाले एकाच वेळी आपल्यालाच कशाला हाक मारतील? तो स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा होता, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोटानंतर उरलेला दाट गाभा. फिरताना त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून गेला की एक ठोका. वजन सूर्याहून जास्त, आणि व्यास वीसेक किलोमीटर. सांगली-मिरज अंतराच्या दुप्पट.

आणि दुर्बीण कशी होती ते फळ्यावर काढाच. नळीतून बघायची दुर्बीण नव्हे. साडेचार एकर रान, हजारावर लाकडी खांब, त्यांवर १२० मैल तार. पळशीकडच्या पोरी लगेच म्हणतात, "ही तर द्राक्षबाग!" अगदी तसंच, वेल तेवढे नाहीत. हे उभं करायला दोन वर्षं गेली, आणि खांब ठोकायला ही बाई स्वतः घण घेऊन उभी असायची. आमच्या मुलींना पेनापेक्षा घण आधी पटतो.

दुसरा तास घराचा. हा बहुतेक शिक्षक गाळतात, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट इथेच आहे.

तिच्या लर्गन गावच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलगे प्रयोगशाळेत गेले आणि मुलींना स्वयंपाकाच्या वर्गात धाडलं. तिच्या आईवडिलांनी आणि आणखी काही पालकांनी शाळेत जाऊन भांडण केलं, तेव्हा पुढच्या तासाला प्रयोगशाळेत तीन मुली बसल्या. अकराव्या वर्षीच्या सरकारी परीक्षेत ती नापास झाली होती, हेही सांगा, आवाज न चढवता. ग्लासगो विद्यापीठात वर्गात बाई शिरली की पोरं पाय आपटायची, शिट्ट्या मारायची. एसटी स्टँडवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मग साखरपुडा. पल्सारच्या त्याच धामधुमीत तिचं लग्न ठरलं आणि ती अंगठी घालून प्रयोगशाळेत आली. लोकांनी अंगठीचं अभिनंदन केलं, ताऱ्याचं नाही. वर्तमानपत्रवाले ह्युइशना ताऱ्याबद्दल विचारत आणि हिला, मित्र किती आहेत. इथे थांबा, मुलींना बोलू द्या. मला इथे बोलावं लागलेलं नाही.

त्यानंतरची अठरा वर्षं जपून सांगा. नवऱ्याची बदलीची नोकरी, १९७३ मध्ये मुलगा, आणि हिचं बहुतेक काम अर्धवेळ. गाव बदललं की विषय बदलायचा. रेडिओ सोडून साउदॅम्प्टनला गॅमा किरण, मग लंडनजवळ क्ष-किरण, मग एडिंबराला अवरक्त. पहिल्यांदा मी हे 'त्याग' म्हणून सांगितलं आणि आया डोळे पुसायला लागल्या. नको. त्याग म्हटलं की तो बाईच्या वाट्याला आपोआप येतो. मी आता म्हणते, प्रत्येक बदलीच्या गावात तिने आधी एकच चौकशी केली: इथे माझ्यासाठी काम कुठे आहे? १९९१ मध्ये ती ओपन युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाली, तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्राच्या बाई प्रोफेसर एकाच्या दोन झाल्या.

नोबेल आता, इथे. आणि लगेच त्याच्या पुढचं. बायकांसाठी विद्यापीठांनी काय काय बदललं हे तपासून दर्जा देणारी 'अथेना स्वान' योजना २००५ मध्ये सुरू झाली, ती उभी करणाऱ्यांत ही होती. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. सगळे पैसे तिने भौतिकशास्त्रात ज्यांना वाट मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी देऊन टाकले. आपल्याकडचं नावही सांगा: बंगळुरूच्या प्रज्वल शास्त्री, दीर्घिकांच्या मध्यावरच्या कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्या. भारतीय भौतिकशास्त्र संघटनेत स्त्री-पुरुष समतेसाठी गट उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने, आणि २०१९ मध्ये त्यातून 'हैदराबाद सनद' निघाली. सावित्रीबाईंचं नायगाव शेजारच्या जिल्ह्यात आहे, तेव्हा मुलींसाठी भांडणाऱ्या बाईची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको.

तिसरा भाग पालकांचा. सभा जूनमध्ये घेऊ नका, कुणी येत नाही. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवाली, सोनं-चांदी गाळायला मदुराई, कोइमतूर, कुठे कुठे पांगलेली. ती गावी येतात जत्रेला. तेव्हाच, देवळाच्या मंडपात, पालखीच्या आदल्या दिवशी सभा. आणि विषय सोन्याचा काढा. सोनं कुठल्या भट्टीत तयार होत नाही, भट्टीत ते फक्त शुद्ध होतं. ते घडण्याची एक जागा म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरींतून पकडली गेली, आणि तिच्या उजेडात जड मूलद्रव्यं घडल्याच्या खुणा दिसल्या. एका गलाईवाल्याने मला लगेच विचारलं, "बाई, ते सोनं किती टंचाचं?" मी म्हटलं, "दादा, खोट घालायची ती खाली आल्यावर आपण."

मंडप हसत असतानाच मुद्दा घाला. पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही भाषा येत नसताना तमिळ मुलखात धाडता, मग अठरा वर्षांची मुलगी पुण्याला गेली तर काय बिघडलं? यावर उत्तर येत नाही, नुसत्या टोप्या सारख्या होतात. तेवढं पुरे.

वाट विचारतील, ती पाठ असू द्या. अकरावीला गणित सोडायचं नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण 'मुलगी आहे, बायॉलॉजी घेऊ दे, नर्सिंग तरी होईल'. बारावीनंतर केंद्राच्या विज्ञान संस्था: आयसरसाठी आयएटी ही परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सेब्ससाठी नेस्ट. नाही जमलं तर विटा, सांगली, कराड, जिथे एसटी पोचते तिथे फिजिक्समध्ये बीएस्सी, आणि एमएस्सीला आयआयटीची जॅम ही परीक्षा. पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था पीएचडीला घेतात तेही परीक्षा घेऊनच. पैशाचा प्रश्न आला की एक आकडा फेका: पीएचडी करताना केंद्राची कनिष्ठ फेलोशिप २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये आहे. "शिकताना पगार?" असं म्हणत मागे बसलेले काका पुढे सरकतात. आणि हुशार नववी-दहावीच्या मुलीला नोव्हेंबरमधल्या विज्ञान ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीला एकदा बसवाच. मार्क पडोत न पडोत, पेपर कसा असतो ते कळतं.

शेवटचं, सहल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी, जाळीच्या तबकड्यांच्या. पल्सारचा अभ्यास तिथेही चालतो. विज्ञान दिनाच्या सुमारास ती सगळ्यांसाठी खुली असते. विट्याहून रात्री अकराला निघालात तर उजाडता नारायणगाव. मुलींबरोबर दोन आया न्या, त्यातली एक नकार देणारी असावी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे "खर्च कशाला" हे कारण चालत नाही. मुलींचे मोबाइल गाडीतच बंद करून घ्या, रेडिओ दुर्बिणीच्या कानाशी तो भोंगाच असतो. डबा दोन वेळचा, भाकरी-चटणीचा. भात नको, विटतो.

आणि पट्ट्यांचा रोल पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो. माझा पहिला संच एका उन्हाळ्यात करडा पडला, आणि झिपऱ्या शोधायला काही उरल्याच नाहीत.