ओठावर ताप फुटलाय? मग स्केलर खाली ठेवा

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की डोक्यात एकच गोष्ट असते: कोटा, म्हणजे ठरवून दिलेल्या केसेस पूर्ण करणं. माझी स्केलिंगची (दातांवरचा कडक थर काढण्याची) एक केस कमी पडत होती. सासवडच्या ओळखीच्या मावशींना गळ घातली. त्या एसटीने स्वारगेटला उतरल्या, तिथून बस बदलून कॉलेजात आल्या. खुर्चीत बसल्यावर बघते तर ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका.

"काही नाही गं, ताप फुटलाय," मावशी म्हणाल्या. मला तेच ऐकायचं होतं. स्केलर हातात घेतला, तेवढ्यात मागून सर म्हणाले, "आरसा तोंडात घालण्याआधी ओठ बघायचे असतात."

ताप फुटणं म्हणजे बहुतेकदा हर्पीस सिम्प्लेक्स. फोडातल्या पाण्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. आपण ओठ ताणतो, फोड फुटतात, आणि स्केलरचा पाण्याचा फवारा ते सगळं हवेत उडवतो. एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होऊ शकते. म्हणून गॉगल. (उन्हाळ्यात त्यावर वाफ धरते, तरी काढायचा नाही.)

बोटाचं दुखणं वेगळंच. ग्लोव्हज सर्रास नव्हते तेव्हा डेंटिस्टच्या बोटांना हा संसर्ग व्हायचा. दिसतं नखुरड्यासारखं, ठणकतंही तसंच, आणि चीर देऊन पू काढायचा मोह होतो. आत पू नसतोच. चिरल्याने संसर्ग पसरू शकतो. ग्लोव्हला भोक पडलं तर लगेच बदला, हात धुवा, सरांना सांगा. लपवू नका.

खपली धरून ओठ पूर्ण बरा व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. स्केलिंग, फिलिंग तोवर थांबतं. पण सूज किंवा असह्य ठणका असेल तर उपचार लांबवायचे नाहीत. तिथे सीनियरला बोलवा. पण ओठ स्वच्छ दिसला म्हणजे सुटलो, असंही नाही. फोड नसतानाही लाळेतून विषाणू बाहेर पडू शकतो, त्यामुळे गॉगल-ग्लोव्हज प्रत्येक पेशंटला.

मावशींसमोर "हर्पीस" शब्द मी काढला नाही, उगाच घाबरल्या असत्या. "फोडांना हात लावू नका, लागलाच तर धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, नातवाचा पापा घेऊ नका," एवढंच सांगितलं. शेवटचं त्यांना अजिबात पटलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. येण्याजाण्याचं भाडं या वेळी मी दिलं.