मराठीत रॅप करायचंय? आधी शब्द ऐकू जाऊ देत

भांडुपच्या चाळीत, दहावीच्या वहीच्या मागच्या पानावर मी पहिलं रॅप लिहिलं. आता स्टेजवर असतो, म्हणून नवी पोरं विचारतात, "दादा, कोणता स्टुडिओ गाठू?" मी सांगतो, आधी सायफर गाठ, म्हणजे गोलात उभं राहून आळीपाळीने रॅप करणारी पोरं. गोलात उभं राहिलं की समोरचा दोन हातांवर असतो. ओळ कळली नाही तर त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. एवढा खरा हिशेब स्टुडिओत मिळत नाही. कुर्ल्याच्या रॅपर नेझीनं २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर केलं होतं. लोकांनी उचललं ते त्याचं बोलणं.

मराठीसाठी 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप ग्रुपमधल्या एमसी मवालीला ऐका. शब्द कसे तोडलेत, श्वास कुठे घेतलाय, ते वहीत खुणा करून ऐका. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. तेवढ्यात दम कुठे घ्यायचा हे लिहितानाच ठरवावं लागतं. मी श्वासाच्या जागी उभी रेघ मारतो. 'ळ', 'ट', 'ठ' हे आपल्या भाषेचे ढोल आहेत. ते गिळू नका.

माझा पहिला ओपन माइक खारच्या हॅबिटॅट या छोट्या स्टेजच्या जागेत झाला. व्हिडिओत बघितलं होतं तसा माइकचा जाळीचा गोळा मी मुठीत आवळून धरला. साउंडवाला दादा शो संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "हात दांड्यावर ठेव. जाळी झाकलीस की आवाज कोंदतो, वर फीडबॅक, म्हणजे स्पीकरची शिट्टी, येते." त्यानं माझ्या हाताला धरून बोटं खाली सरकवली. तेव्हापासून रोज घरी कंगव्याचा दांडा धरून सराव केला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शोला जाताना बीट दोन पेनड्राइव्हवर न्या, मोबाइलवरही ठेवा. त्यात तुमचा मुख्य आवाज नको, फार तर हुकचे (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचे) डबल, म्हणजे आधाराचा दुसरा आवाज. रेकॉर्डवर ओठ हलवणारा गडी पहिल्या रांगेला बरोबर कळतो. साउंडचेकला वेळेवर पोहोचा आणि सगळ्यात भरगच्च कडवं म्हणून बघा, नुसतं 'हॅलो चेक' नको.

जागांचा भरवसा धरू नका. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा लाइव्ह म्युझिकचा क्लब २००७ ला सुरू झाला, २०१६ ला बंद पडला. आज त्याच भागात अँटीसोशलसारख्या जागा आहेत. तिथे थेट शो मागण्याआधी चार वेळा प्रेक्षक म्हणून जा, दुसऱ्यांचे सेट शेवटपर्यंत ऐका. दारू मिळते तिथे वयाची अट असते, ओळखपत्र जवळ ठेवा. शेवटची लोकल चुकली तर टॅक्सीचे पैसे मानधनातूनच जातात, हाही हिशेब आधीच करा.

मानधन लिहून घ्या. एका आयोजकानं मला तोंडी कबूल केलेले दोन हजार शेवटपर्यंत दिले नाहीत आणि दाखवायला माझ्याकडे एक मेसेजही नव्हता. तसंच बीटचं. यूट्यूबवरचं 'फ्री' बीट बहुतेकदा कमाईसाठी फ्री नसतं, खालच्या अटी वाचा. शब्द तुमचे असतील तर गीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदणी करा. बीट बनवणाऱ्याशी कुणाचा किती वाटा हे गाणं सोडण्याआधी व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या. दोस्त असला तर आधी घ्या.