घरात दोन-तीन भाषा असताना मूल द्विभाषिक कसं वाढवावं

आजी बोलते ते सगळं कळतं, पण उत्तर मात्र शाळेच्या भाषेत, अशी मुलं बहुभाषिक कुटुंबांत सर्रास दिसतात. दोन भाषा समजणं मुलांना फारसं जड जात नाही. दोन्ही बोलणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती शिकवणी लावून येत नाही. त्यासाठी कानावर भाषा पुरेसा वेळ पडावी लागते आणि ती बोलल्यावाचून मुलाचं कुठेतरी अडावं लागतं. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टी जुळवून आणण्यासाठी आहेत.

१. आधी तास मोजा

आठवडाभर एका कागदावर लिहून काढा: मुलाशी कोण बोललं, कोणत्या भाषेत आणि किती वेळ. टीव्ही आणि मोबाइल यात धरू नका. दोन-तीन वर्षांचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे ८४ तास झाले. या विषयात एक ठोकताळा वापरला जातो: मुलाच्या कानावर पडणाऱ्या बोलण्यात एखाद्या भाषेचा वाटा पावापेक्षा कमी झाला, तर मूल ती भाषा बोलायला सहसा तयार होत नाही. सोयीसाठी सगळा जागेपणीचा वेळ धरला, तर पाव म्हणजे २१ तास.

आता समजा, बाबांची भाषा घरात फक्त बाबाच बोलतात. कामाच्या पाच दिवशी संध्याकाळी दीड-दीड तास आणि सुट्टीच्या दोन दिवशी सहा-सहा तास मिळतात. बेरीज साडेएकोणीस. बाबांच्या प्रयत्नांत काही खोट नसते, तासच कमी पडतात. अर्थात हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. एवढ्या वेळात छान बोलू लागलेली मुलंही असतात. पण कागदावरचा आकडा दहाच्या आसपास असेल, तर पुढची पायरी जरा गांभीर्याने घ्या.

२. कोण कोणती भाषा बोलणार ते ठरवा

सगळ्यात प्रसिद्ध पद्धत म्हणजे ‘एक व्यक्ती, एक भाषा’. मॉरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ती ज्यूल रोंजा यांना सुचवली. रोंजांचा मुलगा लुई १९०८ साली जन्मला. वडील त्याच्याशी फक्त फ्रेंच आणि आई फक्त जर्मन बोलत असे. लुई दोन्ही भाषा सहज बोलू लागला आणि रोंजांनी १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून या पद्धतीचा बोलबाला आहे.

तो थोडा जास्तच आहे, असं मला वाटतं. बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्स भागात आनिक दे हाउवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. जिथे एक पालक डच आणि दुसरा वेगळी भाषा बोलत होता, तिथे साधारण चारातल्या एका कुटुंबात मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. उलट, जिथे आईवडील दोघंही घरात ती दुसरी भाषाच बोलत होते, तिथे जवळपास सगळीकडे मुलं ती बोलत होती. शाळेची आणि रस्त्यावरची भाषा मुलांना बाहेर मिळतेच. म्हणून दोघांनाही जमत असेल, तर बाहेर कमी ऐकू येणारी भाषा घरात ठेवा. एकालाच येत असेल, तर ‘एक व्यक्ती, एक भाषा’ चालवा आणि बाकीचे तास आजी-आजोबा, मावशी, काका, सांभाळणाऱ्या ताई यांच्याकडून मिळवा.

आईची एक, बाबांची दुसरी आणि शाळेची तिसरी भाषा असेल तरी बिघडत नाही. तिसरीकडे मुद्दाम लक्ष द्यायचं कारण नाही. मात्र ज्या भाषेत तुम्हाला सहज लाड करता येतात, रागावता येतं आणि थट्टा सुचते, तीच मुलाशी बोला. शाळेसाठी म्हणून मोडक्यातोडक्या भाषेत बोललात, तर मुलाला मोजकीच वाक्यं ऐकायला मिळतात आणि तुमचं आपसातलं बोलणंही आटतं.

३. बाळ बोलत नसतानाच सुरू करा

आंघोळ घालताना, भरवताना, कपडे बदलताना आपण काय करतोय ते बाळाला सांगत राहा. गाण्यांचे व्हिडिओ लावून हे काम होत नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी १२ बैठकींत चिनी भाषेत खेळण्यात आलं. ती बाळं चिनीतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच बोलणं ज्यांनी पडद्यावर पाहिलं किंवा नुसतं ऐकलं, त्यांच्यात फरक पडला नाही. आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणं मात्र वेगळं, कारण तिथे समोरून उत्तर येतं.

४. मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देतं तेव्हा

हे होणारच, बहुधा शाळा सुरू झाल्यावर. इथेच बरीच घरं हात टेकतात. एलिझाबेथ लान्झा या संशोधिकेने पालकांच्या प्रतिसादांची जी मांडणी केली, ती घरात फार उपयोगी पडते. समजा, मूल म्हणालं, “आई, वॉटर दे.” तुम्ही काय करू शकता?

“काय हवंय?” असं विचारायचं, जणू कळलंच नाही. “पाणी हवंय का?” असा अंदाज बोलून दाखवायचा. “हो, पाणी देते” म्हणून योग्य शब्द परत ऐकवायचा. काहीच न म्हणता पेला पुढे करायचा. किंवा स्वतःच मुलाच्या भाषेवर जायचं.

या क्रमात जसजसं खाली जावं, तसतशी मुलाला तुमची भाषा बोलायची गरज कमी होत जाते. पहिला मार्ग सगळ्यात जोरकस आहे, पण तो जपून वापरा. मुलाला ठाऊक असतं की तुम्हाला कळलंय. रडत आलेल्या, दुखापत झालेल्या किंवा घाईघाईने काही सांगणाऱ्या मुलाला तर असं कधीच अडवू नका. रोजच्यासाठी दुसरा आणि तिसरा मार्ग पुरतो, आणि शेवटचा शक्यतो टाळा. शब्द मुलाला खरोखर येत नसेल तर सरळ सांगून टाका, त्याची परीक्षा घेऊ नका. आणि पाहुण्यांसमोर “जरा बोलून दाखव ना” हा प्रकार तर कटाक्षाने बंद करा.

एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा गोंधळ नव्हे. मोठी द्विभाषिक माणसंही आपसात तेच करतात.

५. घराबाहेर ती भाषा शोधा

फक्त आईशी बोलायची भाषा मुलाला लवकरच निरुपयोगी वाटू लागते. ज्यांना दुसरी भाषा येतच नाही अशी माणसं इथे सोन्यासारखी: गावाकडचे आजोबा, सुट्टीत भेटणारी चुलत-मावस भावंडं. खास करून मुलं. आठवडाभर समवयस्कांत खेळल्यावर जे तोंडात बसतं, ते महिनोन्‌महिने समजावून बसत नाही. धाकटं भावंड असेल, तर थोरल्यावर लक्ष ठेवा. शाळेची भाषा घरात बहुतेक वेळा तेच आणतं.

६. वाचून दाखवा, लिपी नंतर

रोज झोपताना घरच्या भाषेतली एक गोष्ट वाचा. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द तिथेच भेटतात. एका भाषेत वाचता येऊ लागलं की दुसरीची लिपी शिकवणं सोपं जातं, त्यामुळे घाई नको.

७. बोलायला उशीर होतोय असं वाटलं तर

द्विभाषिक मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एकाच भाषेत मोजले तर साठा तोकडा दिसू शकतो. अगदी नव्या भाषेच्या शाळेत गेल्यावर मूल काही आठवडे, कधी काही महिने तिथे गप्प राहतं, तेही नेहमीचंच आहे. पण पंधरा-सोळा महिन्यांपर्यंत कोणत्याच भाषेत शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नसतील किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर वाट पाहू नका. दोन भाषांमुळे असा उशीर होत नाही, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधायला हवं. आधी श्रवणचाचणी करून घ्या, मग वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटा. मुलाला कोणत्या भाषेत काय बोलता येतं याची यादी सोबत न्या आणि तपासणी दोन्ही भाषा धरून करायला सांगा. एक भाषा बंद करा, असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञांचंही मत घ्या.